ही लस कशाची, सिस्टर?

उभ्या नोकरीत मी सुया टोचल्या. पोलिओचे थेंब पाजले, गोवराच्या लशी दिल्या, कोविडच्या काळात शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले. पण निवृत्ती तोंडावर आली असताना आमच्या भाईंदर पूर्वेच्या आरोग्य केंद्रात जी लस आली, तिने मला बोलून बोलून दमवलं. टोचायला एक क्षण पुरायचा. ‘ही लस कशाची, सिस्टर?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र अर्धा दिवस कमी पडायचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगून टाकते. बायकांच्या पिशवीच्या तोंडाशी, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाशी, एक कॅन्सर होतो. तो बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. येतो तेव्हा ताप नाही, खाज नाही, काही नाही. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप निघूनही जातो. काही जणींच्या अंगात मात्र ठाण मांडतो आणि पुष्कळ वर्षांनी कॅन्सर होऊन वर येतो. विषाणू अंगात शिरायच्या आधी लस दिली तर ती चांगली लागू पडते. म्हणून ती लहान वयात द्यायची. आमच्या मोहिमेत चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुली होत्या. पंधरावा वाढदिवस झाला की मुलगी यादीबाहेर. एकच डोस, दंडावर. नंतर अर्धा तास बसून राहायचं आणि घरी जायचं.

एवढं सोपं आहे. आता हे चौदा वर्षांच्या मुलीच्या बापाला सांगून बघा.

पहिली पालकसभा केबिन रोडजवळच्या एका शाळेत होती. मी पोहोचले तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी मला बाजूला घेतलं आणि चहा पुढे करत म्हणाल्या की सिस्टर, कॅन्सरची लस एवढंच सांगा, ते दुसरं काही बोलू नका, आमच्याकडे सगळ्या प्रकारचे पालक आहेत. आमचे डॉक्टरसुद्धा त्याच मताचे. तरुण आहेत, हुशार आहेत, पण हा विषय निघाला की टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागतात. मला ते पटत नव्हतं. लोकांच्या हातात फोन आहेत. आपण अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं ते घरी जाऊन वाचतात, आणि मग आपलं पहिलं अर्धंही त्यांना खोटं वाटायला लागतं.

तरी मी बाईंचा मान राखून सुरुवात केली. कॅन्सर म्हणजे काय, लस कशी सुरक्षित आहे, दंड दुखेल, घाबरू नका. सगळे माना डोलावत होते. मग शांती नगरहून आलेल्या एका आईने हात वर केला. “लेकिन सिस्टर, ये होता किससे है?”

आता यावर खोटं काय बोलणार? मी सांगितलं. मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. हॉलमधले पंखे ऐकू यायला लागले. एक जण उठून म्हणाला की हमारी बच्ची ऐसी नहीं है. मी म्हटलं, कुणाचीच तशी नाही हो, पण पुढे लग्न तर करणार ना? त्यावर एक गुजराती बेन म्हणाल्या की मग लग्नाच्या वेळी बघू, आता शाळेत कशाला हे नवीन शिकवायचं. मागून कुणीतरी ही लस घेतली की मूल होत नाही असं सांगणारा व्हिडिओ फोनवर काढला आणि तो रांगेरांगेने फिरला. मी घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. लशीचा आणि मूल होण्याचा संबंध नाही, गोवराची लस घेतल्याने कुणी गोवर आणायला जात नाही, तसंच हेही. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

भांडणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. भांडणारा माणूस निदान ऐकत असतो. त्या दिवशी माझ्या लक्षात राहिला तो एकच माणूस, जो भांडला नाही. दुसऱ्या रांगेत बसला होता, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा निळा शर्ट घातलेला. मी ‘संबंधातून’ हा शब्द उच्चारला आणि तो उठला. बायकोला नुसती मान हलवून चल म्हणाला. ती बिचारी पर्स सावरत त्याच्यामागे गेली. नाव नंतर कळलं, दिलीप घाणेकर. मुलगी ऋतुजा, नववीत.

पुढच्या आठवड्यात त्याच शाळेच्या मुली केंद्रात आल्या, ज्यांच्या पालकांनी होकार दिला होता तेवढ्याच. त्यातली एक उपाशी आली होती. कुठलं तरी व्रत होतं, आईने सांगितलं होतं की सुई घे आणि मग फळ खा. सुई घेऊन ती बाकावर बसली आणि घरंगळली. मी तिला आडवं केलं, पाय उंच केले, आमची आशा सेविका रेश्मा पळत जाऊन लिंबूपाणी घेऊन आली. थोड्या वेळात पोरगी उठून मैत्रिणीशी हसायला लागली. पण तेवढ्यात दारातून कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला होता. घरंगळतानाचा. हसतानाचा कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात मी, रेश्मा आणि लशीचा डबा, तिघंच बसून होतो. लस थंड ठेवायची म्हणून बर्फ बदलत राहायचं आणि दाराकडे बघत राहायचं. त्या दिवशी मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला. निवृत्ती तोंडावर आलेली असताना राजीनामा कोण स्वीकारणार, म्हणून खोडला.

त्या रिकाम्या दिवसांत मंदा आली.

मंदा आमच्याकडे अधूनमधून हिमोग्लोबिन तपासायला यायची. चाळिशीची, बारीक, डोक्याला सदा रुमाल. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिचे उपचार चालू होते आणि तिकडे जायच्या आधी रक्त तपासून न्यावं लागायचं. तिला काय झालंय ते तिने मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, अगदी दबक्या आवाजात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. रत्नागिरीकडे सासर होतं, ते सुटलं. आता इथेच, भाईंदरच्या इंद्रलोक भागात भावाकडे राहत होती. “दादाला फक्त पिशवीचा त्रास म्हणून सांगितलंय,” ती म्हणाली होती. “तुम्ही कुणाजवळ बोलू नका.” असं बरेच जण सांगतात. मी कुणाचं कुणाला सांगत नाही, तो माझा धंदाच आहे.

त्या दिवशी तिने भिंतीवरचं लशीचं चित्र बघितलं आणि विचारलं की ही तीच का, त्या आजाराची? मी हो म्हटलं. ती म्हणाली की आमच्या ऋतुजाला शाळेतून चिठ्ठी आली होती, पण दादा नको म्हणाला.

मी विचारलं, ऋतुजा म्हणजे लिफ्टवाल्या घाणेकरांची? हो, तीच.

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. ज्या घरात हा आजार पलंगावर झोपलाय, त्याच घरातला माणूस लस नको म्हणून सभेतून उठून जातो. मी मंदाला म्हटलं की बाई, तू एकदा तुझ्या दादाला खरं सांग, तुझ्या एका शब्दाने पोरीचं काम होईल. ती लगेच उठली. म्हणाली की एकदा हे सगळ्यांना कळलं आणि माझं घर गेलं, आता हेही घालवू का? आणि रक्ताचा रिपोर्ट न घेताच गेली. तो मी रेश्माच्या हाती पाठवला.

ऋतुजाचा पंधरावा वाढदिवस जवळ आला होता. मी रेश्माला घेऊन इंद्रलोकमध्ये घाणेकरांच्या घरी गेले. दार दिलीपने उघडलं, पण दारातच उभा राहिला. मी लशीचं नाव काढलं तेव्हा आवाज न चढवता म्हणाला की आम्हाला नको आहे, मी सांगितलंय शाळेत, परत येऊ नका. आतून कुकरची शिट्टी झाली. मंदा स्वयंपाकघरात होती. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मला ओळखतच नाही. मीही तिला ओळखलं नाही.

जिना उतरत होतो तर मागून दिलीपची बायको सुप्रिया धावत आली. म्हणाली की सिस्टर, मी सही करते, शाळेतून परस्पर घेऊन जा पोरीला, ह्यांना कळू देऊ नका. नियमाने आईची सही चालते. पण लस दिली की लगेच मोबाईलवर मेसेज जातो, आणि त्या घरातला नोंदवलेला मोबाईल दिलीपचा. शिवाय दोन खोल्यांच्या घरात पोरीचा दंड दुखणार, तो कसा लपवणार? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, चोरून घेतलेल्या लशीबद्दल त्या पोरीच्या डोक्यात आयुष्यभर काय बसेल? मी तिला म्हटलं की नाही, असं नको. ती रडवेली झाली. खाली आल्यावर मी रेश्मावर उगाच चिडले. तिचा काही दोष नव्हता, पण चिडायला तीच होती.

दोन दिवसांनी दुपारी दिलीप केंद्रात आला. बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपली होती, डॉक्टर मीटिंगला गेले होते. मला वाटलं, घरी गेलो म्हणून भांडायला आलाय, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मी पण भांडणार होते.

तो समोर बसला आणि म्हणाला, “सिस्टर, तुम्हाला वाटत असेल हा अडाणी माणूस आहे.”

साधारण तेच वाटत होतं.

“मला माहिती आहे माझ्या बहिणीला काय झालंय ते.”

मग त्याने सांगितलं. मंदाच्या आजाराचं निदान झालं तेव्हा तो तिच्याबरोबर हॉस्पिटलात होता, पण बाहेर, कागद आणायला गेला होता. आत मंदा आणि तिची सासू. तिथल्या कुणा बाईने समजावून सांगितलं, माझ्यासारखंच, नीट, न लपवता, की हा संबंधातून येणाऱ्या विषाणूमुळे होतो. सासूने त्यातला एकच शब्द ऐकला. गावी गेल्यावर मंदाला तिने घरात घेतलं नाही. नवरा टेम्पो चालवायचा, कोल्हापूर, गोवा, कुठेकुठे जायचा. तो अंगणात उभा होता. एक शब्द बोलला नाही. मंदा कपड्यांची बॅग घेऊन भाईंदरला आली आणि भावाला म्हणाली की पिशवीचा त्रास आहे, थोडे दिवस राहते. त्याला तिच्या दिराकडून सगळं कळलं होतं. त्याने काही विचारलं नाही. तिला मान वर करून घरात वावरता यावं म्हणून त्याने ठाऊक नसल्यासारखं केलं, ते आजतागायत.

“आता माझ्या मुलीला ती लस दिली तर सोसायटीत बायका विचारतील कशाची, आणि कुणीतरी मंदाचं नाव घेईल. ती परत कुठे जाईल?”

एकाच स्वयंपाकघरात दोघं भाऊबहीण एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतायत, दोघंही माझ्यासमोर बसून गेलेत, आणि तोंड बंद ठेवायचं ते मी. इतका वैताग मला अख्ख्या मोहिमेत आला नव्हता. पण तो वैताग त्याच्यावर काढता येईना. इतके दिवस मला अभिमान होता की मी अर्धं सांगत नाही. आता समोरच्या माणसाचं ऐकून मला कळत होतं की त्या हॉस्पिटलातल्या बाईने जे सांगितलं तेही अर्धंच होतं.

मी खुर्ची जवळ ओढली आणि त्याला उरलेलं सांगितलं. हा विषाणू काही वाईट चालीच्या बाईला शोधत येत नाही. लग्न झालेल्या बहुतेक सगळ्यांना तो कधी ना कधी भेटून जातो, तुम्हालाही, मलाही. बाई आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर राहिली तरी तिला होऊ शकतो. नवऱ्याच्या अंगात तो असतो तेव्हा त्याला स्वतःला पत्ताही नसतो. त्याला बहुधा काहीच होत नाही, भोगते बायको.

त्याने विचारलं, “म्हणजे तिला तो नवऱ्याकडून आला?”

मी सांगितलं की कुणाकडून, कधी, ते तपासून कळत नाही. पण तिच्या आयुष्यात दुसरं कुणी नसेल, तर दुसरीकडून येणार कुठून?

“हे त्या दिवशी त्या म्हातारीला कुणी का नाही सांगितलं?”

त्या दिवशी तिथे रांग असेल, बाईंना पुढचा पेशंट बघायचा असेल. मी पालकसभेत तरी हे वाक्य बोलले होते का? नव्हते. ‘संबंधातून’ म्हटलं आणि पुढे मूल होण्या-न होण्याच्या भांडणात गुंतले. दिलीप उठला. लस द्या म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. दारात थांबून एवढंच बोलला की मंदाला मी आलो होतो ते सांगू नका. मी मान हलवली. ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर मी जिथे जिथे बोलायला गेले, तिथे आधी पुरुषांबद्दल बोलले. शांती नगरच्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी मध्येच चहा मागवून विषय बदलायचा प्रयत्न केला. मी चहा घेतला आणि विषय तोच ठेवला. काही जण उठून गेले, पण मागे राहिलेल्या बायकांनी जे प्रश्न विचारले ते आधी कधीच कुणी विचारले नव्हते. तपासणी कुठे होते, आमच्या वयाला काय करायचं, असे. मुली थोड्या जास्त यायला लागल्या. फार नाही. व्हिडिओ अजून फिरतच होता.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी केंद्र बंद व्हायच्या सुमारास घाणेकर आले. दिलीप, सुप्रिया, ऋतुजा, आणि ऋतुजाचा हात धरून मंदा. घरात काय बोलणं झालं, कुणी सुरुवात केली, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. पण काहीतरी झालं होतं हे दिसत होतं, कारण मंदाच्या डोक्याला रुमाल नव्हता. केस नुकते फुटलेले, तशीच आली होती, सगळ्यांच्या देखत.

सही दिलीपने केली. पोरगी खुर्चीत बसली, जेवून आली का विचारलं, तर म्हणाली दोनदा जेवले. मी दंड पुसत होते तेव्हा तिने विचारलं, “सिस्टर, आत्याच्या वेळी ही का नव्हती?”

मी म्हटलं की लस कुठेकुठे होती, बाळा, पण आपल्यासारख्यांपर्यंत पोहोचली नव्हती. मंदाने तोंड दुसरीकडे केलं नाही. ती म्हणाली, “मला नाही मिळाली म्हणून तर तुला आणली,” आणि भाचीचा दुसरा हात घट्ट धरला. मी सुई टोचली. उभ्या नोकरीतल्या हजारो सुयांसारखीच ती एक, पण टोचून झाल्यावर मला कापसाचा बोळा सापडेना. तो माझ्याच हातात होता.

अर्धा तास बसायचं म्हणून सगळे बाकावर बसले. मंदाचे उपचार तोवर संपत आले होते. नंतर तिच्या तपासण्या चांगल्या आल्या, अजून ती वेळच्या वेळी जाते, आणि केंद्रातल्या माझ्या जागी आलेल्या सिस्टर सांगतात की आता रेश्माबरोबर इंद्रलोकमधल्या बायकांशी बोलायला तीच पुढे असते. हे सगळं पुढचं. त्या दिवशी ती फक्त ऋतुजाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली होती.

मी आवराआवर करत होते तेव्हा दिलीप टेबलापाशी आला. त्याला मुलगी मोठी आणि मुलगा धाकटा, सहावीतला.

“सिस्टर, ओंकारला कधी आणू?”

मी विचारलं, कशासाठी?

“ह्याच लशीसाठी. तुम्हीच म्हणालात ना, पुरुष आणतो आणि बाई भोगते. मग त्याला नको का?”

या लशीबद्दल मला लोकांनी किती प्रश्न विचारले असतील. संशयाने, रागाने, टाळण्यासाठी. इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे असं होतं की मुलग्यांना ही लस देता येते, खासगी दवाखान्यात मिळते, पण आपल्या मोहिमेत फक्त मुली आहेत. वरून तसंच आलंय.

“का?” दिलीपने विचारलं.

महिनोनमहिने मी लोकांवर वैतागले होते, की सांगून कळत नाही, समजावून पटत नाही. आता एका माणसाला सगळं कळलं होतं, पटलंही होतं, आणि मी त्याच्यासमोर बर्फाचा रिकामा डबा हातात धरून उभी होते. मी त्याला म्हटलं की तुम्ही हा प्रश्न डॉक्टरांना लेखी विचारा. मग लगेच म्हटलं, नको, थांबा, मीच विचारते.

मी विचारला. निवृत्त व्हायच्या आधी दोन मीटिंगांमध्ये, सगळ्यांसमोर. डॉक्टरांनी पेपरवेट फिरवला.